मागच्या खोलीतला वास

चंद्राबाई वाळंज माझ्याकडे कवळी घासून घ्यायला आल्या, त्या दिवशी वास त्यांच्याबरोबर आत आला.

माझा दवाखाना पौडला आहे, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत आरिफा असते. ती केसपेपर लिहिते, फोन घेते, हत्यारं निर्जंतुक करते आणि घाबरलेल्या पेशंटशी गप्पा मारते. हे शेवटचं काम मला जमत नाही. त्या सकाळी ती आत आली, मागे दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मुळशीच्या आजी आल्यात. कवळी टोचतेय म्हणतात. पण बाहेर काहीतरी मेलंय."

"कुठे?"

"तेच शोधत होते. बाकाखाली बघितलं, कपाटामागं बघितलं. उंदीर नाहीये."

चंद्राबाई आत आल्या. सत्तरीच्या, काटक, नऊवारीतल्या. त्यांच्या मागे त्यांची सून होती, बेचाळीस-त्रेचाळीसची. तिने पदर नाकावरून ओढून दातांत धरल्यासारखा घट्ट धरला होता आणि ती जमिनीकडे बघत भिंतीला टेकून उभी राहिली. दार लागलं आणि खोली वासाने भरली.

मी तो वास ओळखला. पुस्तकात त्याला नुसतं दुर्गंधी म्हटलेलं असतं. मी तो पहिल्यांदा कॉलेजात शिकत असताना घेतला होता, एका रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या तोंडाचा. आमच्या सरांनी आम्हा सहाजणांना एकेक करून त्याच्याजवळ वाकायला लावलं होतं. चेहरा हलू द्यायचा नाही, असं सांगितलं होतं. त्यानंतर दोनदा, तीनदा. विसरता येत नाही.

चंद्राबाईंनी खुर्चीत बसून कवळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "लई टोचतीया. भाकर खाताना काढून ठिवती आन खाऊन झालं की घालती. मंग घालायची कशापायी? लोकांस्नी दाखवायला."

मी कड घासली, परत बसवली, चावून बघायला सांगितलं. त्यांनी दोनदा दात आपटले आणि मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "वास येतोय न्हवं तुमाला?"

"येतोय," मी म्हणाले.

"झ्याक. समदे न्हाई म्हणत्यात. तोंडावर न्हाई म्हणत्यात आन भाईर जाऊन थुकत्यात." त्यांनी सुनेकडे हनुवटी उडवली. "आमच्या घरातला हाय त्यो. मागच्या खोलीतला. हिच्या संगट येतो."

मग त्यांनी सांगितलं. सुनेचं नाव सुलक्षणा. तिचा एकुलता एक मुलगा कैलास, एकोणीस वर्षांचा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे धरणात लावलेलं जाळं काढायला गेला आणि पाय जाळ्यात अडकून बुडाला. तिसऱ्या दिवशी वर आला.

"अंगणात ठिवला तर अर्धा घंटा बी ठिववंना. हिला जवळ जाऊ दिलं न्हाई आमी. पर वास कुणाला आडवणार? घट बसले आन त्योच वास परत आला. त्याच्या खोलीत. आदी वाटलं उंदीर मेलाय. इश्रामनं, म्हंजी हिच्या नवऱ्यानं, समदी फरशी उखडली. काय बी न्हाई. देवऋषी आणला. त्यो म्हणला, पोरगं आईला सोडत न्हाई. मंग हिला आठ दिस माल्याला धाडली, म्हायेरी. हिकडचा वास गेला आन तितं आला. भावजयीनं पाचव्या दिशी माघारी पाठवली."

सासू हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या घराविषयी सांगते आहे असा सुलक्षणाचा चेहरा होता, म्हणजे पदरावर दिसत होता तेवढा.

"सुलक्षणाताई," मी म्हणाले, "तुम्ही खुर्चीत बसता का? मला तुमचं तोंड बघायचंय."

"तिचं कशाला?" चंद्राबाई म्हणाल्या. "कवळी माझी हाय."

अडीच महिने त्या घरात सुलक्षणाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. तिने पदर खाली घेतला नव्हता, जेवायची ती सगळ्यांच्या नंतर चुलीपाशी एकटी, बोलणं तर बंदच होतं. मूल गेलेल्या बाईने असं वागलं तर त्यात कुणाला वावगं वाटत नाही. उलट बरं दिसतं. वास ती असेल तिथे असे, आणि ती बहुतेक वेळ मुलाच्या खोलीत असे.

ती खुर्चीत बसली. पदर सोडायला तिला वेळ लागला. कमरेला मशेरीची डबी खोचलेली होती, आणि दातांच्या कडांवर मशेरीची काळी रेघ होती. जळलेल्या तंबाखूने हिरडी बधिर होते. दुखलं की लावायची, उतरलं की पुन्हा लावायची. किती वेळा लावता, असं विचारल्यावर तिने दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि मग एक हात आणखी वर केला.

मी दिवा तोंडाजवळ आणला. दोन दातांच्या मधे हिरडीचं जे टोक वर आलेलं असतं, ते तिच्या खालच्या पुढच्या दातांत उरलेलंच नव्हतं. पटाशीने कोरून काढावं तशा तिथे खाचा होत्या. खाचांवर राखाडी साय होती. ओल्या कापसाने ती जराशी पुसली तर लगेच रक्त आलं, आणि सुलक्षणाने खुर्चीचा हात धरला. एका ठिकाणी मिरीच्या दाण्याएवढं हाड उघडं पडलं होतं. जबड्याखालच्या गाठी सुजलेल्या. अंगात ताप. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या.

या रोगाच्या निदानाला यंत्र लागत नाही. नुसतं बघायचं, आणि वास घ्यायचा.

"कधीपासून दुखतंय?"

"म्हैना झाला." तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. खोल, पुरुषासारखा.

मी दोघींना एकदमच सांगितलं. हा वास खोलीचा नाही, हिरड्यांचा आहे. तोंडात नेहमीच जंतू असतात. माणूस उपाशी राहिला, झोप गेली, मन खचलं, वरून तंबाखू आला की हेच जंतू उठतात आणि हिरडीचं मांस सडवतात. आता मांसाखालचं हाड धरलंय. असंच राहिलं तर पुढचे दात जातील, आणि अंगात रक्त इतकं कमी असताना ते गालापर्यंतही जाऊ शकतं.

चंद्राबाई म्हणाल्या, "म्हंजी फरशी उगाच उखडली."

"आजपासून औषध सुरू केलं," मी सुलक्षणाला म्हणाले, "तर दोन दिवसांत वास जाईल. पूर्ण जाईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तिची सुटका झाली. मी माणसांचे चेहरे फारसे वाचू शकत नाही, त्यांची तोंडं वाचते.

बधिर करणारं औषध लावून मी झेपेल तेवढी साय काढली. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली दिली, एका भागात एक भाग कोमट पाणी घालून दिवसातून चार वेळा चूळ. गोळ्या दिवसातून तीन, पाच दिवस. मशेरी बंद. रक्त तपासायला घेतलं. त्यात एचआयव्हीची तपासणीही असेल, चालेल का, असं विचारलं. या रोगात ती करावीच लागते. ती मानेनेच हो म्हणाली. उद्या परत यायचं, मी दोनदा सांगितलं. या रोगात दुसऱ्या दिवशी बघणं औषधाइतकंच महत्त्वाचं असतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आरिफाने फोन लावला. बराच वेळ ती नुसती "हं, हं" करत होती. फोन ठेवून माझ्याकडे आली.

"आजी म्हणतात, ती येत नाही म्हणते. दिवसभर त्या खोलीत दार लावून बसते. खिडकीपण लावून घेते."

"खिडकी कशाला?"

"वास बाहेर जाईल म्हणून."

आरिफाने ते नुसतं सांगितलं आणि मग तिचं तिलाच ऐकू आल्यासारखी ती थांबली. मी दोन दिवसांत वास जाईल म्हणाले होते, तेव्हा तिने माझ्याकडे कसं पाहिलं होतं ते मला आता नीट आठवलं.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. एचआयव्ही नव्हता. हिमोग्लोबिन साडेसात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखाना आरिफावर सोपवला, एका डब्यात हत्यारं घेतली आणि मुळशीला गेले.

माल्याच्या पुढे भातकापणी चालली होती. त्यानंतर रस्ता पाण्याच्या कडेने जातो. धरण काठोकाठ भरलं होतं आणि वारा नव्हता. इतकं सपाट पाणी बघताना माझी नजर काठाला, झुडपांना, पाण्यात उभ्या वाळक्या खोडांना काहीतरी अडकलंय का ते शोधत होती. हे लक्षात आल्यावर मी समोर बघून गाडी चालवली.

वाळंजांचं घर सिमेंटचं, वर पत्रा. पुढच्या दोन खोल्या त्यांनी रिसॉर्टवर काम करणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. त्या आता रिकाम्या होत्या. "पळाली," चंद्राबाई म्हणाल्या. "रात्री कैलास खोकतोय म्हणली. त्याला जलमात कदी खोकला न्हवता." विश्राम शेतातून नुकताच आला होता. त्याने मला आधी फरशी दाखवली. मागच्या खोलीच्या दारापासून आतपर्यंत ती परत बसवलेली होती, पण पाय ठेवला की हलत होती. "काय निगालं न्हाई," तो म्हणाला. अजूनही काहीतरी निघायला हवं होतं असं त्याच्या बोलण्यात होतं.

दाराच्या फटीला आतून गोधडीचा तुकडा लावलेला होता. मी हाक मारली, दार ढकललं. आत अंधार, आणि तो वास. वास इतका दाट होता की मला क्षणभर वाटलं, देवऋषीचंच खरं असेल. खुंटीवर चेक्सचा शर्ट होता. कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेलं नायलॉनचं जाळं. भिंतीवर मोबाइलचा चार्जर अजून सॉकेटमध्ये होता, वायर खाली लोंबत होती, आणि बटण चालू होतं.

सुलक्षणा भिंतीशी बसली होती. गोळ्यांची पट्टी फळीवर होती. एकही गोळी फोडलेली नव्हती.

मी तिच्यासमोर खाली बसले. "दुखत नाही का?"

"दुखतंय."

"मग गोळ्या का घेतल्या नाहीत?"

"तुमी म्हणलाव, दोन दिसांत जाईल."

"हो."

"मंग घरात काय ऱ्हाईल?"

मला जे येतं ते मी केलं. तिला म्हणाले, एक गोष्ट दाखवते, बाहेर चला. अंगणात जांभळाखाली ऊन-सावली होती. मी स्वच्छ गॉजचा तुकडा तिच्या खालच्या हिरडीवरून फिरवला, छोट्या स्टीलच्या डबीत टाकला आणि झाकण लावलं. तिला तिथेच पदर धरून उभं राहायला सांगितलं. डबी घेऊन वीस-पंचवीस पावलं लांब, मोकळ्या खळ्यावर गेले, तिथे ठेवली आणि तिला बोलावलं. माझी कल्पना अशी होती की खोलीचा वास इथे नाही, मुलाचं काहीच इथे नाही, हे तिला दिसेल. ती आली. मी झाकण काढलं. तिने वाकून वास घेतला.

"त्योच," ती म्हणाली.

"बघा. खोलीत काही नाही. तुमच्या तोंडातला आहे."

तिने तळहात उचलला आणि गालावर ठेवला, एखाद्या बाळाच्या डोक्यावर ठेवावा तसा. "म्हंजी हितं हाय," ती म्हणाली आणि तिने ओठ मिटून घेतले.

मी काय करून बसले ते मला कळलं. इतके दिवस तो खोलीत होता. मी त्याला जागा दाखवून दिली होती.

"तो कैलास नाही," मी म्हणाले. "जंतू आहेत. सगळ्यांच्या तोंडात असतात. माझ्याही. शरीर खचलं की—"

"आन मी खचली कशानं?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. आम्ही परत अंगणात आलो. विश्राम ओसरीवर भाकरी खायला बसला होता. चंद्राबाई त्याच्यापाशी मिरच्या निवडत होत्या, म्हणजे आमच्याकडे बघत होत्या. सुलक्षणा जांभळाच्या बुंध्याला टेकली. आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ह्याच तोंडाला लागायला पायजे व्हतं. ह्याच तोंडानं म्हणलं मी."

"काय म्हणालात?"

ओसरीवर विश्रामचा हात थांबला होता.

"उठत न्हवता. चा थंड झाला. दोन हाका मारल्या, तीन मारल्या. मंग उठला त्यो चा न घेताच निगाला जाळ्याकडं. मी भाईर येऊन म्हणलं, मुडद्या, जा एकदाचा." तिने पदर पुन्हा तोंडावर घेतला. "तिसऱ्या दिशी मुडदाच आला."

आमच्या पौडच्या गल्लीत मी हा शब्द रोज ऐकते, शाळेला उशीर करणाऱ्या पोरांना, दूध सांडणाऱ्या पोरांना. त्या शब्दाचा अर्थ काय ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

चंद्राबाईंनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं त्या सुनेला काहीतरी बोलतील. त्या तिच्याकडे वळल्याच नाहीत. मुलाकडे वळल्या.

"ए मुडद्या," त्या म्हणाल्या. "भाकर पुरली का?"

"पुरली," विश्राम म्हणाला. सवयीने, मान वर न करता.

"ऐकलंस?" चंद्राबाई आता सुनेला म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस वर्सं म्हणतीया मी ह्येला. दात नव्हता ह्येच्या तोंडात तवापासनं. आज सकाळी बी म्हणलं, बैल सोडला न्हाई म्हणून. बसलाय का न्हाई समोर? माझ्या आयनं मला म्हणलं. तुझ्या आयनं तुला म्हणलं आसंल, नसलं तर तिला इचार. शबुद मारत आसता तर ह्या गावात एक पोरगं उरलं नसतं."

विश्रामने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्याला आत्ता समजलं होतं काय झालं ते. "मी बी म्हणायचो त्याला," तो म्हणाला. "तू एकलीच न्हाई म्हणलीस."

सुलक्षणाने पदर सोडला. मूल गेल्यापासून ती रडली होती की नाही मला माहीत नाही, पण अशी रडली नसावी, कारण चंद्राबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांना काय करावं ते सुचलं नाही. ती तोंड पूर्ण उघडून रडली. दुपारच्या उन्हात तिच्या हिरड्या मला दवाखान्यातल्या दिव्यात दिसल्या त्यापेक्षा स्पष्ट दिसत होत्या, राखाडी, कोरलेल्या, रक्ताळलेल्या. वास अंगणभर पसरला. कुणी नाकाला हात लावला नाही.

तिचा आवाज बसला तेव्हा मी डबा उघडला.

तिथेच केलं मी सगळं. उलट्या घातलेल्या घमेल्यावर तिला बसवलं, चंद्राबाईंनी मागून तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. विश्रामने चुलीवरून कोमट पाणी आणलं. औषध लावून हिरडी बधिर केली आणि थोडं थोडं करत, थांबत, साय आणि मेलेलं मांस काढलं. तिने पेरॉक्साइडची चूळ भरली, तोंडात पांढरा फेस आला, तो तिने राखेत थुंकला. तिसऱ्या चुळेला फेस गुलाबी होता, पाचव्या चुळेला जवळजवळ पांढरा. पहिली गोळी विश्रामने हातावर दिली. तिने ती बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"घे," चंद्राबाई म्हणाल्या. "पोराला माझ्या अंगणात न्हाई ठिवता आलं. तुझ्या तोंडात कशाला ठिवतीस? तितं त्याला तरी बरं वाटंल का?"

तिने गोळी घेतली. चंद्राबाईंनी तिच्या कमरेची मशेरीची डबी काढून घेतली.

"आजी, तुमची पण बंद करा," मी म्हणाले.

"तिची केली की बंद. माझी कुटं दुखतीया? माझ्या तोंडात दातच न्हाईत."

त्यानंतर ती रोज आली, विश्रामच्या मोटारसायकलवर मागे बसून. पहिल्या दिवशी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी आरिफाने बाहेरच्या खोलीतून आत डोकावून मला मान हलवून सांगितलं: नाही. पाचव्या दिवशी चंद्राबाईही बरोबर आल्या. सुलक्षणा बाहेर आरिफाशी बोलत होती, तिला भाताच्या कोणत्या जातीला आता वास राहिलेला नाही ते सांगत होती. चंद्राबाई आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"डाक्टरीनबाई, एक इचारती. काल दुपारी वास आला. त्याच्या खोलीत. ही वावरात व्हती."

"तुम्ही एकट्या होतात?"

"एकलीच. चार्जर काढाया गेल्ती. इश्राम म्हणला, काढ आता. मला काढवंना, तशीच उबी ऱ्हायले. तवा आला. फुंकर मारावी इतकाच."

मी त्यांना सांगितलं की असं होतं. नाकाला वासाची आठवण राहते. जिथे घेतला तिथे गेलं की मेंदू तो वास स्वतःच पुन्हा तयार करतो, महिना-दोन महिने, मग जातो. हे खरं आहे, पुस्तकात आहे. हे सांगता सांगता मी उठले होते आणि खिडकी उघडली होती, ते माझ्या लक्षात चंद्राबाईंच्या चेहऱ्यावरून आलं.

"तुमाला बी येतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग दार उघडलं आणि सुनेला हाक मारली.

सुलक्षणा खुर्चीत बसली. न सांगता तोंड उघडलं. हिरडी गुलाबी होती, घट्ट, हात लावला तरी रक्त नव्हतं. उघड्या हाडावर नवीन पातळ कातडी धरू लागली होती. दात हलत नव्हते, ते वाचले होते. मी तिला आरसा दिला. घरात तिने अडीच महिने आरसा पाहिला नसावा, कारण ती आधी केसांकडे बघत राहिली. मग ओठ खाली ओढून बघितलं. खालच्या पुढच्या दातांच्या मधे, जिथे हिरडीची टोकं होती, तिथे काळे त्रिकोण दिसत होते. मधला सगळ्यात मोठा होता. तिने त्यात जीभ घातली.

"ह्यो खड्डा भरंल का?"

"नाही," मी म्हणाले. "मांस गेलं ते परत येत नाही. पुढे कडा थोड्या नीट करून देता येतील, इतकं दिसणार नाही. दुखणार मात्र नाही आता."

तिने आरसा उलटा करून मांडीवर ठेवला. तिची जीभ अजून तिथेच फिरत होती, ओठाच्या आत, बाहेरून दिसत होतं.

"खोलीत कायच न्हाई आता," ती म्हणाली. "खिडकी उगडी टाकलीया."

"बरं केलंत."

"कडा नका नीट करू."

"हरकत नाही. पण तिथे रोज स्वच्छ करावं लागेल. बारीक ब्रश देते. अन्न अडकतं."

"करंन की," ती म्हणाली. "रोज करंन."

मी ब्रश दिला आणि तो खाचेत कसा फिरवायचा ते दाखवलं. तिने एकदा करून दाखवलं, अगदी हळू, कुणाला जाग येऊ नये तसं.